लसीला मुहूर्त

आमच्या घरात दोन धर्म आहेत. बाबांचा पंचांगाचा आणि माझा विज्ञानाचा. बाबा कोषागारातून निवृत्त झाले, पण पणजोबांपर्यंत आमच्याकडे भिक्षुकी होती आणि ती त्यांच्या अंगात राहून गेली. पाडवा जवळ आला की गुलमंडीच्या बाजारात जाऊन नवं पंचांग आणतात, ते अजूनही स्वतःच. मी शाळेत विज्ञान शिकवतो. घरी आल्यावरही शिकवायचं थांबवत नाही, अशी बायकोची तक्रार आहे.

बायको देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातली. लग्नात जात आडवी आली होती. बाबा महिनाभर रुसले, मग त्यांनीच पंचांग काढलं. मुहूर्त इतका उत्तम निघाला की जातीचा विषय मागे पडला.

मुलगी झाली. तिच्या न्यूमोनियाच्या लसीचे पहिले दोन डोस आजोळीच, देवगावला झाले. दोन्ही वेळा बाबांचा इथून सकाळी सातला सुनेला फोन: ‘‘बाळाला नेलं का?’’ त्यातला एक दिवस नेमका अमावस्येचा. मी शेजारी बसून खोडी काढलीच. म्हटलं, ‘‘बाबा, आज अमावस्या आहे, पुढे ढकलू या का?’’

‘‘लेकरांच्या लसीला तिथी लागत नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘सरकारने तारीख दिली, तोच मुहूर्त.’’ पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस आणखी काय म्हणणार!

नऊ महिन्यांचा तिसरा डोस इकडे सिडकोत, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे झाला. बाळाचं रडणं थांबल्यावर डॉक्टर बाबांकडे वळले. ‘‘काका, हा जंतू लहान मुलांच्या नाकात मुक्काम करतो. पुष्कळदा त्यांना काही होतही नाही. तुमच्यासारख्याच्या छातीत गेला तर मात्र महागात पडेल. सत्तरी ओलांडलीत, वर दमा आहे. मोठ्यांनाही ही लस असते. आत्ताच घेऊन टाका.’’

‘‘घेतो ना,’’ बाबा म्हणाले. ‘‘चांगला दिवस बघून येतो.’’

तेव्हापासून आमच्याकडे चांगल्या दिवसाचा शोध सुरू झाला. आधी पितृपक्ष आडवा आला. मग नवरात्र, मग दिवाळीचे पाहुणे. त्या पाहुण्यांत सासूबाईही होत्या. त्यांनी फराळाची बशी खाली ठेवत बाबांना विचारलं, ‘‘ईवाई, एवढुशा लेकरानं तीनदा टोचून घेतलं, आन् तुमी एका सुईला भेता व्हय?’’

‘‘भीत नाही हो, विहीणबाई. पौष लागायच्या आत घेतो.’’

‘‘लई दिस झाले आइकते!’’

पौष लागला. पौषात तर बाबा नवीन चप्पलही पायात घालत नाहीत. मी रोज जेवताना त्यांचं प्रबोधन करायचो. जंतू पंचांग वाचत नाहीत, हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की ते मी आठवड्यातून तीनदा तरी म्हणायचो. बाबा शांतपणे ताक भुरकत राहायचे.

आणि माघात तो दिवस सापडला. गुरुवार, साडेदहानंतर. सकाळी मी डबा भरत होतो, तर बाबा अर्ध्या बाह्यांचा, इस्त्री केलेला सदरा घालून पुढे उभे. ‘‘चल,’’ म्हणाले, ‘‘आज घेऊन टाकू.’’

त्या दिवशी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि माझं भाषण होतं. विषय, अंधश्रद्धा आणि आपण. ‘‘बाबा, आज कसं जमेल? पुढच्या आठवड्यात नक्की,’’ मी म्हणालो. रिक्षाने दहा मिनिटांवर दवाखाना. एकटे जा म्हणालो असतो तर गेले असते. पण तेही म्हणायला मी थांबलो नाही. ते सदरा बदलायला आत गेले.

भाषण फार रंगलं. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ लसीलासुद्धा मुहूर्त बघतात, असं सांगितलं तेव्हा मुलं खो खो हसली. मुख्याध्यापकांनी खास उठून हात मिळवला.

पुढच्या आठवड्यात वह्या तपासायच्या होत्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात बाळाला सर्दी झाली, आणि चार दिवसांनी बाबांना थंडी वाजून ताप भरला. दोन पायऱ्या चढले तरी धाप लागायची. संध्याकाळपर्यंत ओठ निळसर दिसायला लागले आणि माझी पाचावर धारण बसली. न्यूमोनिया होता. नऊ दिवस रुग्णालयात काढले, त्यातले पाच ऑक्सिजनवर. मास्कच्या आत त्यांचं तोंड उघडं राहायचं. बाहेरच्या बाकावर बसून मी, जन्मात कधी केला नव्हता तो, देवाचा धावा केला. कोणत्या देवाचा ते आता सांगवत नाही. जे जे आठवले त्या सगळ्यांचा.

बाबा वाचले. वाळले, पण घरी आले. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायचं ठरवलं होतं की चूक माझी झाली. पण पहिल्याच शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, ‘‘लस घ्यायला सांगितली होती हो. मीच दिवस बघत बसलो.’’ शेजारी हसले. पुढच्यालाही त्यांनी तेच सांगितलं. देवगावहून सासूबाई आल्या, त्यांनाही तेच. त्यांनी बाबांना चांगलं फैलावर घेतलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मी चहा आणायला आत गेलो.

अंगात जरा ताकद आल्यावर आम्ही लस घ्यायला गेलो. तिथी कोणती होती ते बाबांनी बघितलं नाही. मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होतो की निदान डॉक्टरांना तरी खरं सांगायचं.

‘‘लस घेतली असती तर आजार झालाच नसता, असं मी म्हणणार नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पण धोका पुष्कळ कमी झाला असता. काका, मुलगा विज्ञान शिकवतो आणि तुम्ही मुहूर्त बघत बसता?’’

‘‘चुकलंच माझं,’’ बाबा म्हणाले आणि त्यांनी दंड पुढे केला. तो दंड आता माझ्या मनगटाएवढा झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुई टोचून झाल्यावर डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘सर, तुम्ही तरी किती सांगणार!’’

‘‘हो ना,’’ मी म्हणालो.