निंगप्पाचं करडईचं तेल

आमचा निंगप्पा कामावर वेळेआधी यायचा आणि पाळी संपली तरी हलायचा नाही. लोक म्हणायचे, कामसू माणूस. कामसू कसला! कुंभारीतल्या घरी बोलायला भिंती तेवढ्या होत्या. बायको दाक्षायणी चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी शिवलीला पुण्याला. जेवण खानावळीच्या डब्याचं. सोलापुरातल्या आमच्या टॉवेल कारखान्याचा गॅसिफायर, हीच त्याची काय ती सोबत.

गॅसिफायर म्हणजे तुराट्या अर्धवट जाळून गॅस काढायची भट्टी. त्या गॅसवर जनरेटर चाले, पण गॅसबरोबर डांबरही येई आणि नळ्या तुंबत. मालक वैतागले. "एवढ्या महिन्यात डांबर थांबलं नाही, तर भट्टी बंद." भट्टी बंद म्हणजे निंगप्पा घरी. त्याचा जीव टांगणीला लागला.

पाण्यानं गॅस धुऊन पाहिला. डांबर पाण्याला दाद देईना. डिझेलमध्ये विरघळलं, पण गरम गॅसबरोबर डिझेलच उडून जाऊ लागलं. इंजिनिअर ऋतुजा मॅडम मशिनचं तेल मागवणार, तर हा आडवा आला.

"करडईचं घ्या की म्याडम. आमी पिढ्यान् पिढ्या तेच खातोय. लई गुणाचं हाय."

"खायला ठीक आहे, काका. इथं तेच तेल सारखं तापणार. टिकेल?"

"टिकतंय की! मी हाय न्हवं?"

मॅडमनी ऐकलं. काही दिवस गॅस स्वच्छ आला. निंगप्पा जन्मात एवढा बोलला नसेल. शिवलीलाला मुद्दाम फोन केला, ती म्हणाली, "अप्पा, मीटिंगमध्ये आहे."

मग तेल घट्ट होत होत डिंकासारखं झालं. डांबरानं तुंबल्या नव्हत्या एवढ्या नळ्या त्यानं तुंबल्या. मालक ओरडले नाहीत. "काका, आता घरी आराम करा," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गौरम्मानं त्याला ओट्यावर बसलेला पाहिलं. हकिगत ऐकून ती हसली. "अण्णा, करडईचं त्याल सारखं तापवलं की चिकाट हुतंयच की! कढई घासून हात मोडत्यात आमचे. घरात विचारायचं न्हाय व्हय कुणाला?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"कुणाला, गौरक्का?" निंगप्पा म्हणाला.

ऊन अजून ओट्यावरही आलं नव्हतं. अख्खा दिवस पुढं पडला होता.