लाखेतला अंगठा

मी चाकूंचे फोटो काढते. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग जरा मागे सरकतो. शाळेत शिकवणाऱ्या बाईने फुलपाखरांचे फोटो काढावेत, फार तर आरे-वारेच्या समुद्रावर जाऊन सूर्यास्ताचे काढावेत, असं लोकांना वाटतं. मला मात्र खिशात मावणारे घडीचे चाकू आवडतात. पक्कड, कानस, स्क्रूड्रायव्हर असं सगळं एकाच मुठीत दडवलेली हत्यारं आवडतात. त्यांचे सांधे, त्यांचे रिव्हेट, पातं नखाने उघडता यावं म्हणून पात्याच्या पाठीजवळ पाडलेली बारीक खाच. हे सगळं मला जवळून बघायचं असतं, इतकं जवळून की चाकू दिसेनासा होतो आणि नुसता सांधा उरतो.

या नादाची सुरुवात शाळेमुळेच झाली. सातवीच्या मुलांना पावावरची बुरशी मोठी करून दाखवायला मी मोबाइलला चिमट्यासारखं लावायचं एक भिंग आणलं होतं. त्याच आठवड्यात घरी नळ दुरुस्त करायला माणूस आला. त्याच्या घडीच्या पकडीवरून मी सहज ते भिंग फिरवलं. पकडीच्या दातांत पांढऱ्या टेपचे तंतू अडकले होते, आणि प्रत्येक दात वेगळा झिजला होता. नळ कधी दुरुस्त झाला मला कळलंही नाही. पुढे मग कॅमेरा आला, भिंग आलं, मागच्या खोलीतल्या खिडकीला बटर पेपर लागला, आणि फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल उजेड परतवायला उभं राहिलं.

या फोटोंचा एक नियम आहे. धूळ चालत नाही. डोळ्याला न दिसणारा कण भिंगाखाली खड्याएवढा होतो. म्हणून फोटो काढण्याआधी मी प्रत्येक वस्तू स्वच्छ करते. टूथपिक, कापूस, स्पिरिट, जुना टूथब्रश, शेवटी चकाकीची पेस्ट. आमच्या मांडवीची हवा खारी, लोखंडावर चार दिवसांत गंज धरतो, त्यामुळे हात फिरवायला निमित्त कायम असतंच. माझ्यासारखे वेडे लोक एकमेकांना फोटो पाठवतात, त्यांच्यात माझी ओळख 'स्वच्छ काम' अशी होती. मी त्याने फुशारून जायचे. 'अति तेथे माती' ही म्हण मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे, पण फळ्यावरचं आपल्यालाही लागू आहे, असं लिहिताना कुणाला वाटतं?

वडिलांना मी अण्णा म्हणायचे. ते पोस्टात क्लार्क होते. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, आणि त्यानंतर काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. शेवटच्या काही वर्षांत त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्यांनी त्याचा बाऊ केला नाही. दाढी स्वतः करायचे, फाटकापर्यंत एकटे जायचे, तांब्या कुठला आणि लोटा कुठला हे बोटांनी ओळखायचे. कुणी कीव केली की म्हणायचे, "डोळे गेलेत, हात आहेत."

त्या हातांकडे घरातलं एक काम होतं. दुपारी चारला, झोप झाल्यावर, फळ अण्णांनी कापायचं. पेरू, चिकू, वैशाखात हापूस. कापायचं ते त्यांच्या घडीच्या चाकूने. पहिली नेमणूक खेडला झाली तेव्हा तिथल्या बाजारात त्यांनी तो घेतला होता. एका टोकाला मोठं पातं, दुसऱ्या टोकाला बाटलीचं झाकण काढायचा आकडा आणि भोक पाडायचा टोच्या, आणि काळी मूठ. मी ताटलीत फळ ठेवायचे आणि चाकू तिच्या शेजारी टेबलावर. सुरी हातात देऊ नये, भांडण होतं, ही आईची शिकवण आम्ही दोघांनी ती गेल्यावरही पाळली. अण्णा टेबल चाचपून चाकू उचलायचे, अंगठा मुठीवर टेकवायचे, आणि पुढच्या क्षणी पातं उघडलेलं असायचं. पेरूच्या चार फोडी होत. पहिली माझी.

त्या चाकूवर माझा बरेच दिवस डोळा होता.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी ते झोपले असताना मी तो उचलला. विचारलं नाही. विचारलं असतं तर "कशाला त्या जुन्या लोखंडाचे लाड" म्हणाले असते आणि दिला असता, म्हणजे न विचारण्याला काही कारणही नव्हतं. खिडकीशी ठेवला, उजेड बघायला एक फोटो काढला, सांध्यावर फोकस धरून. पडद्यावर बघते तर नुसती घाण. सांध्यात काळं कीट, मुठीवर फळांच्या रसाचा थर, आणि मुठीच्या एका बाजूला, मोठं पातं असलेल्या टोकाशी, काहीतरी काळपट लालसर थापल्यासारखं. मी बाह्या सरसावल्या.

दीड तास लागला. ते लालसर काळं चिवट होतं, टूथपिक मोडल्या, शेवटी सुई घेतली. कण कण उडून खालच्या वर्तमानपत्रावर पडले. निघालं तेव्हा खाली ढालीच्या आकाराचा सुबक खळगा दिसला, त्या जागी कधीतरी पितळेचं पान असणार. मला वाटलं, मी काहीतरी शोधून काढलं. वर्तमानपत्र परसात नेऊन माडाच्या आळ्यात झटकलं आणि भराभर फोटो काढले. फोटो फार सुंदर आले.

चार वाजता पेरू ठेवला, शेजारी चाकू ठेवला. अण्णांनी उचलला. अंगठा मुठीवर टेकवला आणि थांबले. चाकू उलटा केला, पुन्हा सुलटा केला. नख लावून ओढलं तर टोच्या उघडला. तो मिटवला आणि चाकू खाली ठेवला.

"हा कुठला गो?"

"कुठला म्हणजे? तुमचाच. जरा पुसलाय."

"हा माझा नव्हे."

"अण्णा, तुमचाच आहे. मी कशाला बदलीन?"

त्यांनी परत उचलला. या वेळी दोन्ही हातांनी, फार सावकाश, पहिल्यांदा हातात धरल्यासारखा. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर असेल." आणि चाकू माझ्या बाजूला सरकवला. "तूच काप आज."

मी स्वयंपाकघरातल्या सुरीने कापला. दुसऱ्या दिवशीही मीच कापला. तिसऱ्या दिवसापासून ते चारला उठेनासे झाले.

फळाचं मला विशेष वाटलं नाही, म्हाताऱ्या माणसाची लहर म्हणून सोडून दिलं. पण मग ते सगळंच तपासायला लागले. काठी हातात घेतली की विचारायचे, "ही माझीच ना?" चूळ भरायला तांब्या उचलत आणि मला हाक मारत. फाटकापर्यंत जाणं बंद झालं. एका सकाळी शर्टाची बटणं लावता लावता मध्येच हात खाली सोडले आणि म्हणाले, "तू लाव. माझा आता भरवसा नाही." मी बटणं लावली. त्यांची मान खाली होती. मी त्यांना म्हटलं, काही नाही हो, थंडीने बोटं आखडतात. रत्नागिरीत कसली आलीय थंडी?

आठवडा झाला असेल. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं म्हणून मी नको ते फोटो पुसायला बसले. पहिलाच होता तो उजेड बघायला काढलेला, घाणेरडा. पुसणार तेवढ्यात सवयीने मोठा करून बघितला. सांधा चोख आला होता. इतक्या जवळून फोटो काढला की कागदाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट येतो, त्याच्या पुढचं मागचं सगळं धुक्यात जातं. हे मी लोकांना मोठ्या ऐटीत समजावून सांगते. चित्राच्या कडेला, त्या धुक्यात, तो लालसर काळा डाग होता. डाग सपाट नव्हता. मध्ये दबलेला होता, आणि त्यात एकात एक वाकलेल्या रेघा होत्या. बराच वेळ मला कळेना, हे काय आहे. मग मी माझा अंगठा स्क्रीनशेजारी धरला.

मी उठून परसात धावले. आळ्यात रोज बादलीभर पाणी पडत होतं. माती चाळली, पालापाचोळा उलटा केला. काही सापडण्यासारखं नव्हतंच, पण हात थांबत नव्हते.

अण्णा ओटीवर खुर्चीत बसले होते. मी मातीच्या हातांनीच त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"अण्णा, चाकूच्या मुठीवर एक खळगा होता ना? त्यात काय होतं?"

"लाख," ते लगेच म्हणाले. "वरचं पितळी पान पडलं होतं खेडला असताना. ऑफिसात पार्सलांवर लाखेचे शिक्के मारायचो. दिवस संपता संपता पळीत जरा उरली होती, ती ओतली नि अंगठा दाबला. तुझी आई म्हणाली, शिक्का कुणाचा मारलात? म्हटलं, माझा." एवढं सांगताना ते हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"ती मी काढून टाकली. घाण समजून. फोटो काढायला."

उजव्या हाताचा अंगठा बाकीच्या बोटांवरून एकदा फिरला.

"म्हणजे तो माझाच चाकू."

"हो."

"नि लाख नव्हतीच त्यात."

"नव्हती."

"म्हणजे बोटं शाबूत आहेत माझी," ते म्हणाले, आणि पुन्हा तेच म्हणाले, हळू. मी शिव्या खायला तयार होऊन बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, तेव्हा मला रडू आवरेना. शिव्या परवडल्या असत्या.

बोलणी मात्र खावी लागलीच, थोड्या वेळाने, शांत आवाजात. "आठ दिवस मला वाटत होतं, आता हातही चालले. नि तू म्हणत होतीस, तुमचाच आहे, तुमचाच आहे. खोटं नाही बोललीस. पण काय केलंस ते एकदा तरी सांगायचं होतंस गो."

मी उठून मातीचे हात धुतले.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन सोनाराकडून लाखेचा खडा आणला. अण्णा टेबलाशी बसले, मी मेणबत्ती लावली. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या आवाजात ऑफिस आलं. ज्योतीच्या फार जवळ नको, काजळी धरते. थेंब एकदम नको. वाटीत पाणी घे, कोरडा अंगठा चिकटतो नि भाजतो. मी खळगा भरला आणि त्यांचा ओला अंगठा धरून लाखेवर टेकवला. त्यांनी दाबला. उचलला तेव्हा लाख नुसती गुळगुळीत दबली होती. एकही रेघ नव्हती.

"उमटला?"

या वेळी मी काही लपवलं नाही. "नाही."

"यायचा नाही. हयातीच्या दाखल्याला त्या यंत्रावर तरी कुठे येतो हल्ली? झिजला." मग म्हणाले, "खुणेला रेघा लागतात हो. नुसता खड्डा नाही कळायचा. तू दाब."

"मी? चाकू तुमचा आहे."

"पुढे कोण वापरणार आहे? दाब, थंड होत्येय."

मी लाख पुन्हा ऊन केली, अंगठा भिजवला आणि दाबला. चटका बसला, पण काढला नाही. निवल्यावर चाकू टेबलावर ठेवायला गेले तर त्यांनी तळवा पुढे केला होता.

"हातात दे."

"आई काय म्हणायची?"

"भांडण व्हायचं ते होऊन गेलं. दे."

मी त्यांच्या हातात दिला. अंगठा फिरला, रेघांवर थांबला, जरा सरकून पुन्हा तिथेच आला. "लहान आहे," ते म्हणाले. मग पातं उघडलं, पहिल्या झटक्यात. पेरूच्या चार फोडी झाल्या, आणि पहिली माझ्यासमोर आली. संध्याकाळी ते काठी घेऊन फाटकापर्यंत गेले. काठी कुणाची, हे विचारलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष ते होते, आणि शेवटच्या आजारपणाचे दिवस सोडले तर रोज चारला फळ त्यांनीच कापलं.

मी अजून फोटो काढते. आता एक शिरस्ता केलाय, कुणाचीही वस्तू आली की आधी आहे तशीच टिपायची, घाणीसकट, आणि घाण कसली ते मालकाला विचारायचं. फोटो पूर्वीइतके स्वच्छ येत नाहीत, असं मंडळी म्हणतात. म्हणोत. तो पहिला फोटो मी कित्येकदा उघडून बसले. हवे ते उपाय करून पाहिले, पण भिंगाने जे टिपलंच नाही ते मागून आणता येत नाही. सांध्याचा रिव्हेट मात्र त्यात लख्ख आहे, त्याच्यावरचा ओरखडान् ओरखडा मोजून घ्यावा.

दुपारी चारला आता मी फळ कापते. एकटीपुरता पेरू असतो, तरी सवयीने चार फोडी होतात. चाकू टेबलावरून उचलते, अंगठा लाखेवर टेकवते. तो तिथे अगदी नेमका बसतो. अण्णांच्या चाकूवर तो एवढा नेमका बसायला नको होता.