मागच्या ओट्यावरचं जेवण

आजाराला आधी मनात हरवावं लागतं. कळमनुरीच्या मंगल कार्यालयात हे वाक्य टांगलेलं होतं. कॅन्सरच्या रुग्णांना मानसिक आधार देण्याचा कार्यक्रम होता, वेळ अकराची. दीड वाजला तरी प्रमुख पाहुणे आले नव्हते, त्यामुळे आधारही सुरू झाला नव्हता.

मी वडिलांना घेऊन गेलो होतो. त्यांचा अर्धा जबडा काढून पाच महिने झाले होते. जखम भरली, पण घोट घेताना ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं. म्हणून ते कुणासमोर जेवत नसत. वाटी घेऊन गोठ्यात जायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे. कोणी आलं की दस्तीने तोंड झाकायचे आणि वाटी बाजूला सारायचे. आमच्याकडे दिवसभर कोणी ना कोणी येतं. वाटी बहुतेक वेळा भरलेलीच परत यायची. माणूस निम्मा राहिला होता. नांदेडच्या समुपदेशक बाईंनी 'सर्वांसोबत जेवावे' असं लिहून दिलं होतं. तो कागद वडिलांनी नीट घडी करून खिशात ठेवला आणि वाटी घेऊन गोठ्यात गेले.

त्यांना भूक लागली असेल म्हणून घरून आणलेली पेज वाटीत ओतून मी त्यांना मागे, भांडी घासायच्या ओट्याकडे नेलं. तिथे तांड्यावरचा एक जण आधीच बसलेला. गाल तसाच कापलेला. डब्याच्या झाकणातून आंबील पीत होता, निम्मी सदऱ्यावर. वडिलांनी पाठ फिरवली.

"तिकडं काहून बसता, पाव्हणं? भिंत जेवू घालून राहिली का?"

वडिलांनी दस्ती तोंडावर धरली.

"मी बी सांडून राहिलो. तुमी बी सांडा."

वडील वळले. दस्ती काढली, वाटी तोंडाला लावली. दोघांनी एकमेकांना बाजारात बैल पारखावा तसं पाहून घेतलं. मग वडील अडखळत म्हणाले, "तुमचंच लई सांडलं."

तो हसला, त्यात आणखी सांडलं.

तेवढ्यात आत मनोबलावरचं भाषण सुरू झालं. आम्ही ते ऐकलं नाही. वाटी रिकामी झाली होती.

संध्याकाळी घरी वडील पुन्हा गोठ्याकडे निघाले. मी म्हणालो, दुपारी तर जेवलात की चारचौघांत.

"तुमी कोणी सांडत न्हाई," ते म्हणाले.

ते गोठ्यात गेले. वाटी अर्धी परत आली.

कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाला शाल आणि नारळ दिला होता. नारळ आम्ही बाकीच्यांनी खाल्ला.