पऱ्हाटीची चाचणी

राळेगावच्या स्टँडवर एसटी लागली होती आणि शेजारचे देवराव काका सगळ्यांसमोर हसले. "चूल पेटवाले शिकाले पुण्याले कायले जा लागते?" माझे वडील, बापू, बॅग चढवत होते. मागे न वळता म्हणाले, "पेटवाले नाही, तपासाले जाऊन राह्यली."

विद्यापीठाच्या ऊर्जा प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. कमी धुराच्या चुली तिथे तपासत. चूल पेटवायची, वरच्या नळीतून धूर यंत्रात ओढला जायचा आणि पडद्यावर आकडे यायचे. पहिलं वर्ष मी गप्पच होते. बोलताना 'मला'ऐवजी 'मले' निघून गेलं की सगळे हसायचे.

मग आमच्याच भागात घरोघरी वाटायची चूल तपासायला आली. बाभळीच्या सुक्या, सारख्या कापलेल्या तुकड्यांवर ती झकास पास झाली. मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना म्हणाले, "सर, आमच्या तांड्यात कापूस निघाला की पऱ्हाटी जाळतात, कपाशीची वाळलेली झाडं. त्यावर तपासू या."

"पद्धत ठरलेली आहे. अहवालावर सही करा."

मी केली नाही. "तुमचा करार संपत आलाय," ते म्हणाले. तरीही केली नाही. मी रोज पऱ्हाटीचंच म्हणत राहिले, तेव्हा वैतागून एका चाचणीला त्यांनी होकार दिला.

मी याडीला, म्हणजे आईला, बोलावलं. ती पऱ्हाटीच्या दोन मोळ्या घेऊन आली, पदर खोचून यंत्राखाली बसली. चुलीचं तोंड लहान, पऱ्हाटी आत जाईना. खोलीभर धूर झाला.

"मावशी, बारीक तोडून घाला ना," सर खोकत म्हणाले.

"साहेब, म्या भाकरी करू का पऱ्हाटी तोडत बसू? वावरात कोण जाईन?"

अहवालात दोन्ही आकडे गेले. चूल परत गेली आणि मोठं तोंड घेऊन आली. माझा करार मात्र वाढवला नाही. चार महिने घरी बसले, पण एकदाही पस्तावले नाही. आता दुसऱ्या विद्यापीठात आहे.

याडी फोनवर विचारते, "घरी कधी येऊन राह्यली?" दिवाळीत, मी म्हणते. पण घर मला आता सुट्टीपुरतं राहिलेलं नाही. इथे कुठलंही नवं यंत्र आलं, की बैठकीत माझा पहिला प्रश्न असतो, हे आमच्या तांड्यात चालेल का? लोक कंटाळतात. कंटाळू द्या.