चुलीवरचा लॅपटॉप आणि करंजाड्याची सत्यवतीकाकी

सांगा बघू, पावसाळ्यात लॅपटॉप कुठे ठेवायचा असतो?

कपाटात म्हणाल. बॅगेत म्हणाल. आणि कपाटच नसेल तर? भिंती कुडाच्या, छपरावरचा प्लास्टिकचा कागद आषाढातच फाटलेला, जमिनीला ओल सुटलेली. आता ठेवा कुठे ठेवता ते! आमच्या गोदाने यावर तिच्या परीने उत्तर काढलं होतं. त्या उत्तरापायी मी तिच्यावर भर दुकानात खेकसले आणि दुकानाच्या मालकिणीने माझं तोंड बंद केलं. माझं तोंड बंद करणारी माणसं या पनवेल तालुक्यात फार नाहीत. म्हणून ही गोष्ट त्या मालकिणीची, सत्यवतीकाकीची.

आधी गोदा कोण ते सांगते. डोंगरपायथ्याच्या कातकरी वाडीतली, जैतूची मुलगी, बारावी झालेली. वाडीतल्या मुलांसाठी काम करणारी आमची संस्था आहे, तिच्या खोलीत बसून ती मराठी टायपिंग शिकली. मी शिकवलं म्हणणार नाही, मला स्वतःला दोन बोटांनीच येतं. ती बघून बघून शिकली. एका ऑफिसने काढून टाकलेला लॅपटॉप संस्थेला मिळाला होता, तो पावसाळ्याआधी मी तिच्या हातात दिला आणि पावसाळा सरल्यावर कामोठ्यातल्या कृष्णकांत सरांच्या क्लासमध्ये तिचं नाव सांगितलं. सरांना प्रश्नपत्रिका टाइप करायला माणूस हवा होता, स्वतःच्या मशीनसकट.

गोदा गेली. सरांसमोर लॅपटॉप चालू केला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. सरांचा चहा आला, पिऊन झाला. एक बॅच सुटली, दुसरी येऊन बसली. चक्र आपलं फिरतंय. सर तसे वाईट नाहीत. म्हणाले, "सोमवारी ये. पण चालणारं मशीन आण. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

इकडे दिवाळी उलटली होती. दिवाळी उलटली की वाडीत मुकादमाचा टेम्पो येतो आणि माणसं वीटभट्टीवर जातात. पोरंबाळं, भांडीकुंडी, कोंबड्या, सगळं घेऊन. परततात ती पाऊस तोंडावर आला की. टेम्पो मंगळवारी येणार होता. सोमवारी काम मिळालं तर गोदा मागे राहणार, नाही मिळालं तर तीही टेम्पोत. आणि एकदा भट्टीच्या चिखलात गेलेले हात पुन्हा कीबोर्डवर येत नाहीत, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. पोरगी परत येते ती लग्न ठरवूनच.

शनिवारी मी गोदाला घेऊन पनवेलच्या बाजारात फिरले. पहिल्या दुकानदाराने लॅपटॉपचं झाकणसुद्धा उचललं नाही. "नवीन घ्या मॅडम." दुसरा म्हणाला, ठेवून जा, बघू पुढच्या आठवड्यात. त्याच्याशी माझं कडाक्याचं वाजलं. बाहेर येऊन रिक्षात बसले तरी माझं चालूच होतं. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "ताई, करंजाड्यात एक काकी हाय. ती करते. पन तोंडानी फटकळ हाय, सांगून ठेवतो."

म्हटलं, चल. मी तरी कुठे गोडबोली आहे!

करंजाड्यात, सरकारने जमिनी घेतलेल्यांना मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्याच्या प्लॉटांवर ज्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या, त्यातलीच ती एक. वर स्वतःचं घर, खाली गाळे. एका गाळ्याबाहेर खुर्ची टाकून एक काका पेपर वाचत बसलेले. मला वाटलं हेच. मी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांनी पेपरातून मान न काढता अंगठ्याने आत दाखवलं. "इंजिनेर आत बसलीय."

आत काकी. पन्नाशी ओलांडलेली, अंगात मॅक्सी, खांद्यावर पंचा, गळ्यात ठसठशीत सोनं. हे असं सोनं आणि अशी बिल्डिंग बघितली की माझ्या कपाळाची शीर उडते, खोटं कशाला बोलू. आयुष्य या जमीनवाल्यांशी भांडण्यात गेलंय.

"काय झालंय?" काकीने विचारलं.

"फार स्लो आहे, काकी," मी म्हटलं.

"तुना नाय इचारलं. मशीन कोनाची?"

"माझी," गोदा म्हणाली.

"मंग तू बोल."

गोदाने सगळं सांगितलं. क्लास, चक्र, सोमवार. काकीने ऐकून घेतलं. मग हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून डबीत ठेवल्या, उठून शटरच्या लोखंडाला हात लावून आली. "अंगातला करंट उतरवते," म्हणाली. आणि खाली बसून छोटा स्क्रूड्रायव्हर गोदाच्या हातात दिला.

"काढ स्क्रू."

मला घाई. "काकी, तुम्हीच काढा ना! तिने कधी हातात धरलेला नाही. काही तुटलं तर?"

"तुटलं तर तिचं तुटंल. माझे दुकानान ज्याची मशीन तोच खोलतो." आणि माझ्याकडे वळून, "माझा बाप मिठागरावर मीठ मोजायचा. माप कवाच आपले हातान धरलं नाय, गिऱ्हाइकाचे हातान द्यायचा. मागून कोन बोलाया नको, आगऱ्याने माप मारलं. मशीनचं पन तसंच. डोल्यासमोर खोल, डोल्यासमोर लाव."

गोदाने एकेक स्क्रू काढून प्लास्टिकच्या झाकणात ओळीने मांडला. विटा थापणाऱ्या घरातली मुलगी ती, तिचे हात कापत नाहीत. खालचं झाकण सुटलं आणि टेबलावरच्या पांढऱ्या फडक्यावर काळी भुकटी सांडली. दुकानभर वास. धुराचा, आणि त्यात सुकटीचा.

काकीने नाक पुढे करून वास घेतला. "चुलीवर व्हता काय गो हा?"

गोदाची मान खाली. "पावसात घर गळतं, काकी. भाताचं बी आमी चुलीवरल्या माळ्यावर ठेवतो. तिथं ओल लागत नाय, कीड लागत नाय. बियाच्या टोपलीतच ठेवला होता. फडक्यात गुंडाळून."

मी भडकले. "अगं, लॅपटॉप आहे का भाताचं बी? पेरणार होतीस काय त्याला? संस्थेत आणून ठेवायला काय झालं होतं? मी तिकडे सरांचे पाय धरतेय आणि तू इकडे..."

"ए बाय!" काकीचा आवाज असा चढला की बाहेरच्या काकांचा पेपर खाली आला. "माझे दुकानान बोंबलायचं नाय. बोंबलायचं आसंल तर मी बोंबलंन. हिकडं ये. ही टॉर्च धर. बग आत."

मी बघितलं.

"दिसतो काय गंज? एक तरी डाग? या पावसान खांदा कॉलनीतून मशीनी आल्या, बंद कपाटातल्या. नुसता हिरवा गंज. हिची बग, कोरडी ठाक. पंखा काजळला, तो पुसला का झालं. बी राखायची अक्कल हाय पोरीला, तीच तिने वापरली. माझी आय पन बी चुलीवरच ठेवायची. तुझी आय कुठं ठेवायची गो, फ्रीजमदी?"

कुणी माझी आई काढली आणि मी गप्प बसले, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. गोदा ओढणीत तोंड लपवून हसत होती.

पंखा पुसून झाला. मग काकीने रोगाकडे बोट दाखवलं. हार्ड डिस्क. जुन्या पद्धतीची, आत तबकडी गरगर फिरणारी. चुलीची धग आणि रिक्षाचे धक्के खाऊन ती थकली होती. "ही कशी, म्हाइती हाय? गोदामान मिठाची येक गोनी शोधाया सगलं गोदाम फिरायचं. आनि हिच्या जागी एसएसडी लावली का गोनी दारान उभी. तिच्यान फिरायला कायच नाय, म्हनून थकत पन नाय."

"मग लावा ना," मी म्हटलं.

काकीने खण उघडला, उचकला, बंद केला. नव्या लॅपटॉपांना लागते ती च्युइंगगमच्या कांडीसारखी एसएसडीची पट्टी, ती तिच्याकडे होती. या जुन्या मशीनला बसते ती चपटी डबी. ती नव्हती. हल्ली कुणी मागत नाही म्हणून ठेवत नाही. "मुंबैवरून मागवते. बुधवारी येल."

बुधवारी! टेम्पो मंगळवारी. मी काही बोलायच्या आत गोदानेच स्क्रूचं झाकण पुढे सरकवलं. "राहू दे, काकी. बंद करते. भट्टीवरून आल्यावर बघू."

"कंची भट्टी?"

गोदाने नाव सांगितलं. काकीने मान वर केली. "ती आमचे प्रदीपची. माझे दिराची."

झालं! माझा संयम संपला. "वा! म्हणजे आमची मुलगी क्लासला गेली तर तुमच्याच घरची भट्टी एका जोडी हातांनी उणी. मग कशाला येईल डबी बुधवारच्या आधी? चल गं गोदा."

काकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती गोदाच्या तोंडाकडे निरखून बघत होती. "तू जैतूची काय? भट्टीवर वल्या विटांवर बोटान अक्षरा काढायची, ती तू?"

गोदाने मान हलवली.

"जल्ला मेला! दिराने तुझे बापाला कवड्या शिव्या घातल्या तवा. त्या विटा कोन घेनार? मंग आमीच आमचे न्हानीला लावल्या. गिलावा करायचा राहूनच गेला. रोज आंग धुताना समोर 'ग' दिसतो. ग ला काना पन देलास तू, वाकडा."

आणि तिने काउंटरवरची स्वतःची मशीन ओढली. दुकानाची, सगळं काम जिच्यावर चालतं ती. उलटी केली, स्क्रू काढायला लागली. बाहेरून काका म्हणाले, "अगो, मंग तू काम कशावर करनार?"

"बुधवारपातूर माझी चलंल बैलगाडीन. तुमी पेपर वाचा."

तिच्या मशीनमधून डबी निघाली. काकीने तिच्यातलं आपलं सगळं एका जुन्या डिस्कवर उतरवून घेतलं, डबी पुसून कोरी केली आणि गोदापुढे ठेवली. "लाव. तिरपी घाल, मंग दाब. घाबरू नको, ती चावत नाय." गोदाने लावली. विंडोज चढवली, मराठी कीबोर्ड घातला, तिची सरावाची पानं जुन्या डिस्कवरून आणली. ती डिस्क टकटक करत, धापा टाकत देत होती, पण दिली तिने सगळी. या सगळ्याला वेळ लागला. काकांनी तिघींना चहा आणून दिला, काकीने वरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण मागवलं. जेवण झाल्यावर लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायला सांगितला.

गोदाने बटण दाबलं आणि सवयीने हाताची घडी घालून बसली. घडी पुरती व्हायच्या आत पडदा उजळला. ती दचकली. बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. मग तिने सरळ टाइप करायला घेतलं, 'प्रश्न १ ला. रिकाम्या जागा भरा.' बोटं अशी पळत होती की इतके महिने ती त्या मशीनच्या मागे थांबून राहिली होती, हे मला तेव्हा कळलं.

पैशांचं विचारलं तर काकीने स्क्रूड्रायव्हर माझ्यावरच उगारला. "संस्थावाली हायस ना? मंग भट्टीवरची पोरा शिकव. माझा हिशोब नको करू."

सोमवारी सरांचा चहा यायच्या आत गोदाचं पहिलं पान टाइप झालेलं होतं. आता ती रोज कामोठ्याला जाते. मंगळवारी टेम्पो आला तेव्हा ती वाडीच्या तोंडाशी उभी राहून आईबापांना निरोप देत होती. जैतू टेम्पोत चढताना एवढंच म्हणाला, "घराकडं बघ." निरोप देणारी वाडीतली माणसं म्हणजे म्हातारी नाहीतर आजारी, असं आजवर होतं. अठरा-वीस वर्षांची धडधाकट मुलगी त्यांच्यात पहिल्यांदा उभी होती.

प्रदीपशेठ मात्र दुकानात आला, असं काकांनी मला हसत हसत सांगितलं. "वहिनी, माझीच मानसं फोडतेस?" म्हणे. तर काकी म्हणाली, "येक पोर नाय आली तर तुझी भट्टी इझली काय? जा, तुझे पोराला पन पाठव, त्याची मशीन पन फास्ट करते. शिव्या मात्र तुझ्याच तोंडान राहू दे, मजुरांना नको घालू."

त्या प्रदीपशेठशी माझं भांडण मिटलेलं नाही. भट्टीवर पाणी नाही, पोरांना सावली नाही, ते भांडण मी भांडणार. पण आभार मानायला मी कच्ची आहे आणि यावेळी मानल्याशिवाय राहवत नाही. जिच्या गळ्यातलं सोनं बघून मी आत जायच्या आधीच तिचा न्याय करून मोकळी झाले होते, त्या बाईने आपल्या दुकानाची गती काढून एका कातकरी मुलीच्या हातात दिली. भाषण न करता, फोटो न काढता. काकी, हे तुम्ही वाचणार नाही, तुम्हाला वेळ नाही, म्हणून काकांना वाचून दाखवायला सांगते. तुमचे उपकार आहेत.

आता वाडीतली समीक्षा भट्टीवरून परतली की शिकायचं म्हणतेय, तिच्यामागे आणखी दोघी आहेत. मुली आहेत, शिकवायला गोदा आहे, मशीन दुरुस्त करणारी तर अशी आहे. मशीनच नाहीत. तेव्हा तुम्हाला सरळच मागते. घरात एखादा लॅपटॉप हळू झाला म्हणून पडून असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. त्यातले तुमचे फोटो, तुमची कामं आधी काढून घ्या, आणि करंजाड्याला काकीच्या दुकानात स्वतः नेऊन द्या. येताना चार्जर मात्र विसरू नका.