ओझेलाची भट्टी

ओझेला प्रुइटच्या हातचं डुकराचं मांस ज्यानं खाल्लं नाही, त्याच्याशी मी मेम्फिसच्या खाण्याबद्दल बोलतच नाही. म्हाताऱ्या टीगच्या दुकानात वीस वर्षं ती भट्टीवर राबली. मी शेजारी कोबी चिरायचे. "माझ्यामागं भट्टी तुझी," असं म्हातारा तिला सगळ्यांसमोर म्हणाला होता, आणि तेवढ्याच आशेवर बाई धूर गिळत राहिली.

म्हातारा गेला. त्याचा मुलगा हार्लन यानं दुकान टेनेसी राज्याची हद्द ओलांडून शेजारच्या मिसिसिपी राज्यात न्यायचं ठरवलं. तिथं भाडं कमी. ओझेलाला कोण आनंद! तिचं घर तिकडंच. आमच्यात जुन्या भट्टीचा विस्तव विझू देत नाहीत. तो तिनंच पत्र्याच्या टबात घातला, गाडीत मागं ठेवला आणि वरातीसारखी हळूहळू गाडी हाकत पलीकडे नेला. नव्या भट्टीत ओतताना रडली वेडी.

पुढच्याच आठवड्यात हार्लननं भट्टी आपल्या मेव्हण्याला दिली. त्या शहाण्याला कुठलं लाकूड कधी घालायचं हेसुद्धा कळत नव्हतं. पण गिऱ्हाइकाला भट्टीपुढं पुरुष बघायला आवडतो म्हणे. ओझेलानं भांडी घासावीत. ती म्हणाली, मी तक्रार करीन. त्यानं तिला उभ्या उभ्या काढून टाकलं. माझा असा जळफळाट झाला की काय सांगू.

मी तिच्याबरोबर मेम्फिसच्या सरकारी कचेरीत गेले. तिथली बाई भली होती, पण तिचेही हात बांधलेले. भेदभावाविरुद्धचा टेनेसीचा कायदा आठ माणसांच्या दुकानालाही लागतो, आणि आम्ही होतो अकरा. पण अन्याय झाला हद्दीपलीकडे. मिसिसिपीत खाजगी दुकानासाठी राज्याचा असा कायदाच नाही, आणि बाई म्हणून डावललं तर देशाच्या कायद्याला निदान पंधरा माणसं लागतात.

"म्हणजे मीच आपल्या पायांनी कायद्याबाहेर गेले," ओझेला म्हणाली.

"तुम्हाला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, मिस ओझेला," ती बाई खाली बघत म्हणाली.

महिन्याभरानं ओझेला मेम्फिसमधल्या एका मोठ्या हॉटेलात काम मागायला गेली. सोबत मी होतेच. साठीला टेकलेली बाई, दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग, आणि काम होतं ते भांडी घासायचं. मॅनेजर पोरगेलासा होता. काही विचारायचंय का, म्हणाला. मला वाटलं, पगार विचारेल, नाहीतर भट्टीचं काढेल.

ओझेला म्हणाली, "इथं कामाला माणसं किती आहेत?"