ढुंढिराज गुरुजींवर मी केलेला प्रयोग

दुर्गाघाटावरचे ढुंढिराज गुरुजी वयाच्या सोळाव्या वर्षापासून माणसांना गंगेकाठी बसवून आज्ञा देत आले आहेत. श्राद्धासाठी आलेला यजमान न्यायाधीश असो वा फौजदार, त्यांच्यापुढे मांडी घालतो आणि सांगतील ते करतो. एकदा मंत्राच्या मध्येच गुरुजी "थांबा, शिंक येते आहे" असे म्हणाले, तेव्हा नागपूरच्या एका बँक अधिकाऱ्याने तेही हात जोडून उच्चारले. गुरुजींनी दुरुस्ती केली नाही. श्रद्धेने म्हटलेले वाया जात नाही, असे त्यांचे मत आहे.

१९९४ साली मी त्यांच्याकडे गेलो तो मात्र शास्त्रासाठी. अठरा वर्षे मानसशास्त्र शिकवूनही मला एकाही परिषदेत निबंध वाचू दिला गेला नव्हता. लखनौच्या परिषदेसाठी निबंध निवडणाऱ्या प्रमोदिनीबाई या वेळी स्वतः प्रयोग पाहणार होत्या. एक सिद्धांत असा आहे, की प्राचीन मानवाला 'मी' ठाऊकच नव्हता. डोक्यात देवाचा 'ऊठ' असा आवाज उमटे आणि माणूस निमूट उठे. पुढे आवाज थांबले, माणूस गोंधळला आणि त्या गोंधळातून जाणीव जन्मली. संमोहनात दिसते ते त्या जुन्या मनाचे अवशेष. आयुष्यात कधीही शंका न आलेले गुरुजी मला प्राचीन मानवाचा उत्तम नमुना वाटले.

"गुरुजी, तुमच्या पापण्या जड होत आहेत," मी गंभीर स्वरात म्हणालो.

"जेवण झाल्यावर रोजच होतात, मास्तर. पुढे?"

"तुम्हाला केवळ माझा आवाज ऐकू येतो आहे."

"येतोय, पण त्यात दम नाही. अशाने यजमान उठून जाईल. जल्दबाजी करता. बसा खाली, पूर्वेकडे तोंड करून."

बाईंसमोर वाद नको म्हणून मी बसलो.

"उजवा हात पुढे. पाणी प्या. पुन्हा प्या. गोत्र?"

"कौशिक."

"जानवे उजव्या खांद्यावर घ्या."

जानवे मी एकोणीस वर्षांपूर्वी, तत्त्व म्हणून, टाकले होते. तरीही माझ्या हाताने ते नसलेले जानवे अदबीने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर नेले.

"बाई, तुम्ही यजमानांच्या हाताला हात लावा."

प्रमोदिनीबाई अविवाहित आणि डॉक्टरेट मिळवलेल्या. त्यांनी वही खाली ठेवली आणि माझ्या कोपराला बोट लावले.

"पाणी सोडा. नमस्कार करा. उठा."

आम्ही उठलो.

"तुमची जाणीव कुठे गेली होती?" बाईंनी करड्या स्वरात विचारले.

"तुमची गेली होती तिथेच," मी म्हणालो. उत्तर अचूक होते; उपयोग झाला नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आले. सिद्धांत मान्य होता. व्याख्यानाचे निमंत्रण ढुंढिराज गुरुजींना होते. माझे नावही होते, 'प्रात्यक्षिकासाठी' या शब्दापुढे.

त्या अन्यायाचा निषेध करणारे चार पानी पत्र मी लिहिले आणि गुरुजींना वाचून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"छान आहे. आता ते घडी करून खिशात ठेवा," ते म्हणाले, "आणि माझी पिशवी उचला. गाडी आठची आहे."

पिशवी बरीच जड होती.